वृत्ती, उपदेश आणि वर्तन



खेड्यातील शाळेत काम करणाऱ्या प्रत्येक शिक्षकास एक अनुभव केव्हा ना केव्हा येतोच. पालकसभा भरते, शिक्षक तळमळीने बोलतो, मंडळी माना डोलावतात. आणि दुसऱ्या दिवशी गाव पूर्वी होते तसेच राहते. वर्गातही हेच घडते. स्वच्छतेचा धडा मुले घडाघडा म्हणून दाखवितात, आणि मधली सुटी संपल्यावर व्हरांड्यात गोळ्यांचे कागद पडलेले असतात. अशा वेळी आपण म्हणतो, "लोकांना कळते, पण वळत नाही." हे वाक्य आपण निराशेने उच्चारतो व तेथेच थांबतो. वास्तविक विचारास तेथूनच प्रारंभ व्हावयास हवा. ज्यास कळते, त्यास वळत का नाही? आणि वळविण्याचा काही मार्ग आहे काय? या प्रश्नाचा सामाजिक मानसशास्त्राने बराच अभ्यास केला आहे. त्यांतील आपल्या कामास उपयोगी पडेल तेवढाच भाग येथे सांगावयाचा आहे.

१. एक सभा आणि नऊ मुली

प्रथम एक अनुभव सांगतो. मी प्राथमिक शिक्षक म्हणून नवा असतानाची, १९९४ सालची ही गोष्ट. आमची शाळा सातवीपर्यंत होती. आठवीसाठी मुलांना चार किलोमीटरवरील गावी जावे लागे. मुलगे जात, मुली घरी राहत. त्या वर्षी सातवीत नऊ मुली होत्या. मी पालकांची सभा बोलाविली व मुलींच्या शिक्षणावर पाऊण तास भाषण केले. सावित्रीबाईंपासून प्रारंभ करून गावच्या प्रगतीपर्यंत सर्व काही त्यात होते. शेवटी विचारले, "मुलींनी पुढे शिकावे असे ज्यांना वाटते, त्यांनी हात वर करावेत." एकूण एक हात वर झाले. मी समाधानाने घरी गेलो.

जून महिन्यात नऊंपैकी दोनच मुलींचे दाखले पुढील शाळेसाठी नेण्यात आले. उरलेल्या सातजणींपैकी एकीचे लग्नही पुढच्याच उन्हाळ्यात झाले. सभेत हात वर करणाऱ्यांत तिचे वडील पहिल्या रांगेत होते.

पुष्कळ दिवस मी मनाशी असेच म्हणत राहिलो की, ही माणसे खोटे बोलली. आज मला तसे वाटत नाही. त्यांनी हात वर केले ते खरेच होते. मुलगी शिकावी असे त्यांना वाटत होते. परंतु 'वाटणे' आणि 'करणे' यांच्यामध्ये जो ओढा वाहत असतो, त्यावर पूल बांधण्याचे काम माझ्या भाषणाने केले नव्हते.

२. बोलणे एक, वागणे दुसरे

एखाद्या व्यक्तीविषयी, वस्तूविषयी वा विचाराविषयी मनाचा जो अनुकूल वा प्रतिकूल कल असतो, त्यास 'अभिवृत्ती' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण सोपा शब्द म्हणून 'वृत्ती' असेच म्हणू. वृत्ती समजली म्हणजे वर्तन समजले, आणि वृत्ती बदलली म्हणजे वर्तन आपोआप बदलेल, असा आपला सर्वांचा समज असतो. या समजास पहिला मोठा धक्का रिचर्ड लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दिला.

त्या काळी अमेरिकेत चिनी लोकांविषयी तीव्र पूर्वग्रह होता. १९३०च्या सुमारास लापिएर याने एका तरुण चिनी दांपत्याबरोबर मोटारीने सुमारे दहा हजार मैलांचा प्रवास केला. मुक्कामाची ठिकाणे व खाणावळी मिळून २५१ जागी ते गेले. त्यांना नकार मिळाला तो केवळ एका ठिकाणी. काही महिन्यांनंतर लापिएर याने त्याच ठिकाणी पत्रे पाठवून विचारले, "आपण चिनी ग्राहकांस आपल्या येथे घ्याल काय?" १२८ ठिकाणांहून उत्तरे आली. त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी 'नाही' असे कळविले. हा वृत्तांत १९३४ साली प्रसिद्ध झाला.

उत्तर लिहिणारा मनुष्य आणि प्रत्यक्ष दारात स्वागत करणारा मनुष्य एकच होता असे नाही, हा आक्षेप पुढे घेतला गेला व तो योग्यच आहे. तरीही यातून मिळणारा बोध महत्त्वाचा आहे. कागदावर 'चिनी' हा एक शब्द असतो. दारात उभी असतात ती दोन हसतमुख, नीटनेटकी माणसे. प्रश्नास दिलेले उत्तर एका परिस्थितीत दिलेले असते, आणि कृती दुसऱ्या परिस्थितीत घडते. येथे बोलणे वाईट व वागणे चांगले निघाले. माझ्या सभेत बोलणे चांगले होते व वागणे निराळे निघाले. तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच. सभेत हात वर करतेवेळी बापासमोर 'मुलींचे शिक्षण' हा शब्द होता. जून महिन्यात त्याच्यासमोर पावसाळी वाट, शेतातील काम आणि भावकीचे बोलणे होते.

३. व्याख्यान की निर्णय?

मग वर्तन बदलते तरी कशाने? या बाबतीत कुर्ट लेव्हिन याचे कार्य प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावे असे आहे. लेव्हिन हा जर्मनीतील ज्यू मानसशास्त्रज्ञ. हिटलरच्या उदयानंतर १९३३ साली तो अमेरिकेत आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे उत्तम प्रतीच्या मांसाचा तुटवडा पडू लागला. जनावराचे हृदय, मूत्रपिंड इत्यादी भाग पोषक व स्वस्त असूनही सामान्य कुटुंबांत ते हलके समजले जात. ते घरोघर शिजावेत यासाठी काय करावे, असा प्रश्न होता. शाकाहारी वाचकांनी येथे पदार्थाकडे न पाहता पद्धतीकडे पाहावे.

लेव्हिन याने गृहिणींचे सहा गट घेतले. तीन गटांना उत्तम व्याख्यान देण्यात आले. त्यात जीवनसत्त्वे होती, राष्ट्रकार्य होते, पाककृतींचे छापील कागदही होते. उरलेल्या तीन गटांत व्याख्यान न देता चर्चा घडविण्यात आली. 'आपल्यासारख्या गृहिणींना हे पदार्थ करताना कोणत्या अडचणी येतील?' येथून चर्चेस प्रारंभ झाला. घरातील माणसे नाके मुरडतील, शिजताना वास येईल, अशा अडचणी बायकांनीच मांडल्या व उपायही त्यांनीच शोधले. शेवटी, येत्या आठवड्यात यांपैकी एखादा पदार्थ करून पाहण्यास कोण तयार आहे, असे विचारण्यात आले. वेळ दोन्हीकडे सारखाच, सुमारे पाऊण तास. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी ३ टक्के स्त्रियांनी, तर निर्णय घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी पूर्वी कधी न केलेला पदार्थ घरी केला होता.

या प्रयोगात अनेक गोष्टी एकत्र मिसळल्या होत्या. त्यांतील नेमकी कोणती गोष्ट फलदायी ठरली याची छाननी एडिथ बेनेट या विदुषीने १९५५ साली केली. नुसती चर्चा व्याख्यानापेक्षा विशेष परिणामकारक ठरत नाही, तसेच चारचौघांत हात वर करविणेही आवश्यक नाही, असे तिला आढळले. परिणाम घडला तो दोन गोष्टींनी : प्रत्येकाने स्वतः निर्णय घेणे, आणि आपल्यासारख्या इतर बहुतेकांनीही तोच निर्णय घेतला आहे असे त्यास जाणवणे.

हे वाचले तेव्हा मला माझी दुसऱ्या वर्षीची सभा आठवली. तिचे श्रेय माझे नव्हे. शाळेतील एक वडीलधाऱ्या शिक्षिका मला म्हणाल्या, "गुरुजी, यंदा भाषण नको. आणि बाप्यांना नको, आयांना बोलवा." दुपारी सातवीच्या मुलींच्या आया शाळेच्या ओसरीवर बसल्या. बाईंनी एवढेच विचारले, "पोरींना आठवीला धाडायचे म्हटले तर आडते कुठे?" क्षणभर कोणी बोलेना. मग एक माउली म्हणाली, "शाळा नको असं न्हाई वो बाई. पर वढ्याला पानी आलं की पोरीला पल्याड कोन नेनार?" दुसरी म्हणाली, "येकटी पोर वाटंनं गेली की लोकं बोलत्यात." मुलींच्या शिक्षणाविरुद्ध एकही शब्द कोणी काढला नाही. अडचण ओढ्याची होती व एकटेपणाची होती. माझ्या पाऊण तासाच्या भाषणात ओढ्याचा उल्लेखदेखील नव्हता!

त्या दुपारी आयांनीच ठरविले की, मुली एकत्र जातील, एकत्र येतील. पावसाच्या दिवसांत पाळीपाळीने एका घरचे मोठे माणूस ओढ्यापर्यंत जाईल. त्या वर्षी आठ मुलींपैकी सहा आठवीत गेल्या. दोघी गेल्या नाहीत, हे सांगितले पाहिजे. एकीचे कुटुंब ऊसतोडीस जात असे, व त्या अडचणीवर ओसरीवरील कोणापाशी उपाय नव्हता. मन वळविण्याच्या कलेलाही मर्यादा असतात. जेथे प्रश्न पोटाचा असतो, तेथे शासनाची व समाजाची व्यवस्थाच लागते.

४. धाक आणि बक्षीस

आता वर्गाकडे वळू. मुलांचे वर्तन बदलण्यासाठी आपण सहसा दोन साधने वापरतो : धाक आणि बक्षीस. दोन्हींचा तात्कालिक गुण येतो, यात शंका नाही. प्रश्न आहे तो आपण पाठ फिरविल्यानंतरचा.

जोनाथन फ्रीडमन याने १९६५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. कॅलिफोर्नियातील दुसरी ते चौथीच्या मुलग्यांपुढे काही खेळणी ठेवण्यात आली. त्यांत एक अतिशय आकर्षक यंत्रमानव होता. काही मुलांना सांगितले, "त्यास हात लावलास तर मी फार रागावेन व काहीतरी करावे लागेल." इतरांना केवळ एवढेच सांगितले की, त्याच्याशी खेळणे बरे नाही. त्या वेळी दोन्ही गटांतील जवळजवळ एकाही मुलाने यंत्रमानवास हात लावला नाही. सुमारे सहा आठवड्यांनंतर दुसऱ्याच व्यक्तीने, कोणतीही बंदी न सांगता, त्याच मुलांना त्या खेळण्यांजवळ नेले. ज्यांना पूर्वी कडक धाक घातला होता, त्यांतील बहुसंख्य मुले आता यंत्रमानवाशी खेळली. ज्यांना सौम्य शब्दांत सांगितले होते, त्यांतील सुमारे एकतृतीयांशच खेळली. धाकाने मुलाचा हात आवरला होता. सौम्य शब्दांनी मात्र हात आवरण्याचे कारण त्याच्या स्वतःच्या मनात शोधावयास लावले होते.

बक्षिसाची कथाही अशीच. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतील, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना 'चित्र काढलेस तर फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधीच सांगितले. काहींना चित्र काढून झाल्यावर ते अनपेक्षितपणे दिले. काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी मुलांना मोकळे सोडले असता, बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रकलेस देताना आढळली. आवडीचे काम मजुरीचे झाले की मजुरी थांबल्यावर कामही थांबते. याचा अर्थ बक्षीस कधीच देऊ नये असा नव्हे. ज्या कामाची मुलास गोडी नाही, तेथे प्रारंभापुरते ते उपयोगी पडते. परंतु मूल जे आनंदाने करीत आहे, त्यास किंमत लावू नये.

५. 'तुम्ही व्हा' आणि 'तुम्ही आहात'

धाक नको, बक्षीस नको, तर मग करावे तरी काय? रिचर्ड मिलर, फिलिप ब्रिकमन व डायना बोलेन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेला, शिकागो येथील पाचवीच्या तीन वर्गांतील प्रयोग आपणांस थेट मार्ग दाखवितो. विषयही आपलाच, वर्गातील कचऱ्याचा. एका वर्गास आठ दिवस उपदेश करण्यात आला : 'कचरा टाकू नये, वर्ग स्वच्छ ठेवावा.' दुसऱ्या वर्गास उपदेश अजिबात केला नाही. त्या मुलांना, 'तुमचा वर्ग स्वच्छ असतो, तुम्ही नीटनेटकी मुले आहात' असे निरनिराळ्या प्रसंगी, निरनिराळ्या माणसांकडून ऐकविण्यात आले. तिसऱ्या वर्गास काहीच सांगितले नाही. मग तिन्ही वर्गांत कागदात गुंडाळलेल्या गोळ्या वाटल्या व किती कागद टोपलीत पडले हे मोजले. 'तुम्ही नीटनेटके आहात' असे ऐकलेल्या वर्गात दहांपैकी आठांहून अधिक कागद टोपलीत गेले. उपदेश ऐकलेल्या वर्गात हे प्रमाण निम्म्याच्याही खाली होते. दोन आठवड्यांनंतर पहिल्या परिणामात खंड पडला नव्हता. उपदेशाचा परिणाम मात्र ओसरला होता.

थोडा विचार केला तर कारण उमगते. 'स्वच्छ व्हा' या वाक्यात 'तुम्ही अस्वच्छ आहात' हा आरोप दडलेला असतो. मूल तो आरोप ऐकते व तसेच वागते. 'तुम्ही स्वच्छ आहात' हे ऐकल्यावर मूल त्या शब्दास जागते. मात्र येथे एक सावधगिरी हवी. खोटी स्तुती मुले तत्काळ ओळखतात. म्हणून स्तुतीस आधार पाहिजे. वर्गातील तिघांनी कागद उचलले असतील, तर त्या तिघांचे उचलणे आपल्या डोळ्यांनी पाहून मगच बोलावे.

६. यामागील कारणमीमांसा

वरील प्रयोगांतून एक सूत्र निघते. वृत्तीतून वर्तन निघते हे अर्धे सत्य आहे. वर्तनातूनही वृत्ती घडते, हे दुसरे अर्धे. मनुष्य एखादी गोष्ट फारसा दबाव वा लोभ नसताना करतो, तेव्हा 'मी हे का केले?' या प्रश्नास बाहेर उत्तर सापडत नाही. मग तो ते आपल्या आत शोधतो. लिऑन फेस्टिंजर याने १९५७ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार कृती आणि विचार यांतील विसंगती मनास टोचते, व ती घालविण्यासाठी मनुष्य आपला विचार कृतीशी जुळवून घेतो. डॅरिल बेम याचे म्हणणे असे की, टोचणीचीही आवश्यकता नाही. आपण इतरांस त्यांच्या वागण्यावरून ओळखतो, तसेच स्वतःसही ओळखतो.

हे अंतिम सत्य म्हणून मात्र घेऊ नये. यांतील बरेच प्रयोग थोड्या मुलांवर व परक्या समाजात झालेले आहेत. २०२४ साली अनेक देशांतील प्रयोगशाळांनी मिळून फेस्टिंजरच्या परंपरेतील एक प्रसिद्ध चाचणी पुन्हा केली. तीत स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहिणाऱ्यांचे मत काहीसे बदललेले आढळले, परंतु निबंध स्वेच्छेने लिहिला की सांगण्यावरून, याने अपेक्षिलेला फरक पडला नाही. शास्त्र असेच तपासत तपासत पुढे जाते. आपण या निष्कर्षांकडे आज्ञा म्हणून न पाहता, आपल्या वर्गात करून पाहण्याजोग्या सूचना म्हणून पाहावे.

तसे पाहता, ही दृष्टी आपल्या मातीस अगदी अपरिचित नाही. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात येत, ते प्रथम खराटा हाती घेऊन गाव झाडू लागत. रात्री कीर्तन होई. तेही एकट्याचे भाषण नसे. बाबा प्रश्न विचारीत व उत्तरे लोकांच्या मुखातून काढीत. आधी कृती, मग प्रश्न, आणि उत्तर ऐकणाऱ्याचे स्वतःचे! आपल्या प्रशिक्षणाच्या पुस्तकांत जे आपण पुढे वाचले, ते या अल्पशिक्षित महापुरुषाने खराट्याने आधीच शिकविले होते.

७. आपल्या शाळेत करून पाहावे

(अ) पालकसभेत भाषण दहा मिनिटांचे ठेवावे. उरलेला वेळ 'अडते कोठे?' या एका प्रश्नास द्यावा. उत्तर येईपर्यंत शांत राहावे. ही शांतता शिक्षकास जड जाते, परंतु तीच फलदायी असते.

(आ) सभेच्या शेवटी सर्वसाधारण ठराव नको. लहान, नेमका व तारखेचा निर्णय हवा. 'मुलींना शिकवू' हा ठराव झाला. 'सोमवारी दाखला नेऊ' हा निर्णय झाला.

(इ) इतरांनीही तसेच ठरविले आहे, हे प्रत्येकास दिसू द्यावे. 'गावात कोणीच मुली पाठवीत नाही' अशी तक्रार सभेत करू नये. तीमुळे न पाठविणाऱ्यांसच धीर येतो. ज्या चार घरांनी मुली पाठविल्या, त्यांच्याविषयी बोलावे.

(ई) शालेय पोषण आहारापूर्वी हात धुणे, वर्गसफाई, ग्रंथालयाची मांडणी यांचे नियम मुलांकडून ठरवून घ्यावेत. नियम थोडे असावेत व मुलांच्या शब्दांत असावेत.

(उ) जेवढ्या कमी धाकाने काम होईल तेवढाच वापरावा. परिपाठाच्या वेळी सर्वांसमक्ष नावे घेऊन लाजवू नये.

(ऊ) मुलाने केलेली चांगली कृती पाहिल्यावर त्याच्या स्वभावाशी तिचा संबंध जोडून सांगावा : 'आज तू धाकट्याला हात धरून रस्ता ओलांडून दिलास. तू जबाबदार आहेस.'

विचारार्थ प्रश्न (केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी)

१. गेल्या वर्षी आपण पालकांस कोणता उपदेश वारंवार केला? त्याचे वर्तनात काय झाले?
२. ज्या गोष्टीस आपण 'पालकांची उदासीनता' म्हणतो, तीमागे एखादा ओढा तर नाही ना? तो शोधण्यासाठी आपण कोणास विचारले?
३. आपल्या वर्गातील कोणती चांगली सवय केवळ आपल्या उपस्थितीवर अवलंबून आहे? आपण रजेवर असता तिचे काय होते?
४. एका विद्यार्थ्याविषयी आपण नेहमी कोणता शब्द वापरतो? तो शब्द त्यास कोठे नेत आहे?

या प्रश्नांची उत्तरे लिहून या कार्यालयाकडे पाठविण्याची आवश्यकता नाही. ती आपल्या वहीत लिहावीत, व जून महिन्यात दाखले वाटण्याच्या वेळी पुन्हा एकदा वाचावीत. सभेत वर झालेले हात मी मोजले होते. मोजावयाच्या होत्या त्या सकाळी वाटेला लागलेल्या मुली.